नंदीध्वज इतका उंच का?

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत माणसं पेलतात त्या नंदीध्वजाच्या काठीची उंची तीसेक फूट का, याचं उत्तर मला कुठल्याही स्थळपुराणात मिळालं नाही. ते मिळालं २००२ साली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आलेल्या एका निबंधात. कब्रेरा आणि मिल्टन या दोघांनी माणसांना बोटाच्या टोकावर काठी तोलायला लावली आणि काठीची हालचाल मोजली. डोळ्यानं पाहिलेलं मेंदूकडून स्नायूपर्यंत पोचायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या आत ९८ टक्क्यांहून जास्त दुरुस्त्या उरकलेल्या होत्या! निरोप पोचायच्या आधीच हात हलत होता. हे वाचलं आणि काठ्यांची सगळी कुळकथा मला नव्यानं दिसू लागली.

यात्रा सगळ्यांना ठाऊक आहे. संक्रांतीच्या सुमारास मानाच्या सात काठ्या, पांढरी बाराबंदी, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, संमती कट्ट्यावर अक्षता, होम मैदानावर होम आणि मग दारूकाम. वळसंगपासून अक्कलकोटपर्यंतच्या या मराठी-कानडी पट्ट्यात हे कुणाला सांगावं लागत नाही.

काठी आली कुठून, यावर मात्र मला भांडायचं आहे. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचा हट्ट एका कुंभारकन्येनं धरला. योग्यानं आपल्या योगदंडाशी लग्न लावायची परवानगी दिली आणि तोच योगदंड म्हणजे नंदीध्वज, अशी कथा आहे. कथा गोड आहे, अक्षता सोहळ्याचा प्राण तीच आहे. पण योगदंड हा बसलेल्या योग्यानं काखेखाली टेकवायचा लहानसा दांडा. तो तीस फूट वाढला कसा? नवरदेव एक, मग काठ्या सात का? शिवाय म्हैसूरच्या दसऱ्यात जंबूसवारीआधी नंदीध्वजाची पूजा होते, जुन्या म्हैसूर भागात नंदीध्वज कुणित हा नाच करतात. तिथल्या काठीला या लग्नाची गरज पडत नाही. माझ्या मते काठी जुनी, लग्न तिला नंतर जोडलेलं.

दुसरा पक्ष इंद्रध्वजाकडे बोट दाखवतो. सहाव्या शतकात वराहमिहिरानं बृहत्संहितेत इंद्राचा खांब उभारण्याचा सोहळा वर्णिला आहे. गुढीपासून जोतिबाच्या सासनकाठीपर्यंत सगळ्या उंच काठ्या त्याच वंशातल्या, असं हा पक्ष मानतो. सासनकाठीपुरतं मी ते मान्य करीन, कारण तिला तोरण्या असतात. चार बाजूंनी दोर ताणून माणसं तिला सावरतात, तसाच इंद्राचा खांबही दोरांनी उभा राहतो. नंदीध्वजाचा भार मात्र पेलणाऱ्या एका माणसाच्या कमरेवर येतो. म्हैसूरकडचा नाचणाराही काठी कमरेच्या पट्ट्यावरच घेतो. म्हणून सोलापूरच्या काठीचं खरं गोत्र मला दक्षिणेकडच्या शैव काठीत दिसतं, इंद्राच्या खांबात नाही.

तिसरे म्हणतात, गर्दीत दुरून दिसावी म्हणून उंची. तेवढंच हवं असतं तर काठी रथावर रोवता आली असती. ती माणसाच्या अंगावर आहे, म्हणून तिची उंचीही अंगाच्या हिशेबानंच समजून घेतली पाहिजे.

तो हिशेब असा. डोळ्यानं पाहून स्नायू हलवायला साधारण पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. मीटरभर काठी तेवढ्यात बरीच कललेली असते. पण पडायला लागणारा वेळ लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. काठी नऊपट लांब केली की ती तिप्पट सावकाश पडते. म्हणजे तीस फुटांची काठी मज्जातंतूंना तिप्पट सवड देते. टोकाला बांधलेली नागफणीसुद्धा, वारा नसेल तर, मदतच करते: वजन वर गेलं की काठी आणखी धीमी कलते. पेलणाऱ्याची नजर शेंड्यावर असते तीही यामुळेच, कारण कल सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठा तिथेच दिसतो.

उरलेलं काम कंबर करते. १९९६ साली ऑस्ट्रेलियात हॉजेस आणि रिचर्डसन यांनी दाखवलं, की निरोगी माणूस हात उचलतो त्याच्या आधीच त्याच्या पोटाचा आडवा खोल स्नायू आवळतो. कंबरदुखीच्या रुग्णांत हे आवळणं उशिरा होतं. काठीचा बुडखा नेमका या स्नायूंच्या राज्यात टेकतो. यात्रेआधी चालणाऱ्या सरावाचा अर्थही इथेच लागतो. व्यायामाच्या पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः मज्जातंतूंची असते, स्नायू जाड व्हायला नंतर लागतात, हे १९७९ साली मोरितानी आणि डीव्हराइज यांनी मांडलं. पेलणारा त्या दिवसांत शिकतो ते काठी कलण्याआधी सावरायला.

आठशे वर्षांपूर्वी कुणी वर्गमूळ काढून उंची ठरवली, असं मी म्हणत नाही. आखूड काठ्या पडल्या असतील, पडलेली काठी अपशकुनाची मानली गेली असेल, आणि पिढ्यान्‌पिढ्या न पडणारी लांबी टिकली असेल. मला हाच तर्क सगळ्यात सरळ वाटतो, आणि तो तपासता येण्याजोगा आहे. सोलापुरात वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सरावाची माणसंही इथेच आहेत. तिथल्या शरीरक्रियाशास्त्र विभागानं पुढच्या सरावाच्या वेळी एखाद्या पेलणाऱ्याच्या पोटा-पाठीवर, त्याच्या संमतीनं, स्नायूंची विद्युत नोंद घेणारे इलेक्ट्रोड लावून पाहावेत, एवढी माझी विनंती आहे.