पेल्यातील गाळ : बडोद्याच्या विषप्रयोग खटल्यातील रासायनिक पुरावा

बडोद्यात सहा-सात पिढ्यांपासून स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांत मल्हारराव महाराजांचा विषय निघाला, की "साहेबाला हिरकणी घातली" हे वाक्य अजूनही कोणाच्या तरी तोंडून निघतेच. पाठोपाठ दुसरे कोणीतरी ठामपणे सांगते, की विषबिष काही नव्हते, ते सारे रेसिडेंटाचे कुभांड होते. या दोन्ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पुढे सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या विषशास्त्र विभागात आमची नोकरीची वर्षे गेली, आणि इतिहासातील या प्रकरणाकडे पाहण्याची एक निराळी सवय जडली. पेल्यात काय होते, हा एक प्रश्न. ते कोणी घातले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर प्रयोगशाळा देऊ शकते, दुसऱ्याचे नाही. बडोद्याच्या खटल्याची चर्चा करताना हे दोन प्रश्न सतत एकमेकांत मिसळले गेले आहेत. ते वेगळे करून पाहावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रकरणाची रूपरेषा वाचकांस ठाऊक असेलच, तरीही थोडक्यात सांगतो. खंडेराव महाराजांच्या निधनानंतर १८७० मध्ये मल्हारराव गादीवर आले. १८७३ मध्ये कर्नल रॉबर्ट फेअर रेसिडेंट म्हणून रुजू झाले आणि दोघांचे बिनसले. राज्यकारभाराविषयीच्या तक्रारींची चौकशी त्याच वर्षी एका कमिशनने केली. दादाभाई नौरोजी यांनी दिवाणगिरी स्वीकारून कारभार सावरण्याचा प्रयत्न केला. पण रेसिडेंटाचा विरोध कायम राहिला. अशा वातावरणात ९ नोव्हेंबर १८७४ चा दिवस उजाडला. सकाळी फिरून आल्यावर पपनसाच्या रसाचे सरबत घेण्याचा फेअरसाहेबांचा परिपाठ होता. त्या दिवशी दोन-तीन घोट घेऊन त्यांनी पेला ठेवला, काही वेळाने मळमळू लागल्यावर उरलेले सरबत फेकून दिले, आणि तेव्हा पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. रेसिडेन्सीचे सर्जन डॉ. सीवर्ड यांनी तो प्रथम तपासला आणि पुढील परीक्षेसाठी मुंबई सरकारचे रासायनिक पृथक्करणकार डॉ. ग्रे यांच्याकडे पाठविला.

येथे क्षणभर थांबून या पदाची हकिगत सांगणे आवश्यक वाटते. हिंदुस्थानात रासायनिक परीक्षकाची पहिली सरकारी प्रयोगशाळा १८४९ मध्ये मद्रासेस निघाली; त्यानंतर १८५३ मध्ये कलकत्त्यास, १८६४ मध्ये आग्र्यास आणि १८७० मध्ये मुंबईस. म्हणजे बडोद्याचा गाळ मुंबईस पोहोचला तेव्हा तेथील प्रयोगशाळेस जेमतेम चार वर्षे झाली होती. या प्रयोगशाळा निघण्याचे कारण उघड होते. सोमल, हरताळ, मनशीळ, बचनाग, अफू, धोतरा ही द्रव्ये बाजारात सहज मिळत. सोमल औषधात आणि उंदीर मारण्यासाठी वापरात होता. धोतऱ्याच्या बियांनी वाटसरूस बेशुद्ध करून लुबाडणारे माळव्याच्या आणि उत्तरेच्या रस्त्यांवर वावरत. मृत्यू पटकीचा की सोमलाचा, हे केवळ लक्षणांवरून ठरविणे वैद्यासही अवघड. कारण उलट्या, जुलाब, पायांत गोळे आणि हातपाय गार पडणे हे दोहोंतही सारखेच. न्यायालयास रसायनशास्त्राची गरज भासली ती येथे.

सोमल ओळखण्याची विद्या तोवर युरोपात चांगली रुळली होती. १८३६ मध्ये जेम्स मार्श या इंग्रज रसायनज्ञाने आपली प्रसिद्ध परीक्षा मांडली. जस्त आणि आम्ल यांच्या संयोगाने हायड्रोजन वायू निघतो. त्यात सोमलाचा अंश मिसळला असेल तर आर्सिनचा वायू तयार होतो, आणि तो तापलेल्या काचेच्या नळीतून जाताना नळीच्या आतील अंगावर काळसर, चकचकीत आरसा धरतो. १८४० मध्ये फ्रान्समधील लाफार्ज खटल्यात ऑर्फिला यांनी याच परीक्षेच्या आधारे साक्ष दिली आणि ती जगभर गाजली. १८४१ मध्ये राइन्श यांची तांब्याच्या पत्र्याची सोपी परीक्षा आली. या परीक्षांबरोबर एक शिस्तही आली. जस्तात किंवा आम्लात मुळातच सोमलाचा अंश असू शकतो. म्हणून संशयित द्रव्य न घालता प्रथम एक कोरी परीक्षा करावयाची, आणि तीत काही न दिसल्यासच पुढे जावयाचे. उपकरणे पार बदलली, तरी हा नियम आजही तसाच आहे.

डॉ. ग्रे यांना गाळात पांढरा सोमल मिळाला. या निष्कर्षावर शंका घेण्यास आम्हांस तरी जागा दिसत नाही. सोमलास फारशी चव नसते आणि थंड पाण्यात तो अत्यल्प विरघळतो. सरबतात टाकलेली पूड तळाशी बसावी, हे त्याच्या स्वभावास धरूनच आहे. साधारण १२० ते २०० मिलिग्रॅम सोमल माणसाचा प्राण घेण्यास पुरतो, आणि एवढी पूड चिमटीतही मावते. म्हणून "विष नव्हतेच" ही आपल्याकडील अभिमानाची कथा रासायनिक पुराव्यापुढे टिकत नाही.

आता हिरकणीची गोष्ट. सोमलाबरोबर गाळात काही चमकदार, कठीण कण होते. ते काचेचे किंवा गारेचे असावेत, असे आरंभीचे मत होते. पुढे त्यांच्या चकाकीवरून ते हिऱ्याचे असू शकतील असा विचार पुढे आला. दरम्यान विष कशाचे होते याची गुप्त खबर रेसिडेंटापर्यंत पोहोचली होती आणि तीत हिऱ्याच्या पुडीचा उल्लेख होता. प्रयोगशाळेत आयुष्य घालविलेल्या माणसाच्या मनात येथे घंटा वाजते. काय सापडावे याची कुजबुज परीक्षेच्या वेळी आसपास फिरत असेल, तर डोळ्यांस तेच दिसू लागण्याचा धोका असतो. मग परीक्षक कितीही प्रामाणिक असो. हिरा आणि गार यांत भेद करणे अशक्य नव्हते. गार हायड्रोफ्लोरिक आम्लात विरघळते, हिरा विरघळत नाही; हिरा प्राणवायूत जाळल्यास त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो, गारेचा होत नाही. आज रामन वर्णपटात १३३२ या आकड्यापाशी उमटणारी एकच तीक्ष्ण रेषा हिऱ्याची ओळख पटविते, आणि तेवढ्यास एक बारीक कण पुरतो. केवळ चकाकी मात्र कधीच पुरावा होत नाही.

शिवाय हिऱ्याची पूड हे रासायनिक अर्थाने विष नव्हेच. हिरा म्हणजे शुद्ध कार्बन. तो पोटात विरघळत नाही आणि रक्तात जात नाही. हिरकणी गिळून प्राण देण्याच्या कथा आपल्याकडे घरोघरी सांगितल्या जातात, पण हा समज केवळ आपल्याकडचा नाही. सोळाव्या शतकातील इटालियन सोनार-शिल्पकार चेल्लिनी याने आत्मचरित्रात लिहिले आहे, की शत्रूंनी आपणास हिऱ्याची पूड देण्याचा बेत केला; परंतु ज्यास हिरा कुटावयास दिला त्याने तो स्वतःकडे ठेवून हलका खडा कुटून दिला, म्हणून आपण वाचलो. अस्सल हिऱ्यानेही तो बहुधा वाचलाच असता! बडोद्याच्या प्रकरणात हिरकणीने एक काम मात्र चोख केले. सोमल कोणाच्याही घरी असू शकतो; हिरे राजवाड्यातच असणार, असे लोकांस वाटले. गाळातील चकाकीने संशयाचे बोट आपोआप हवेलीकडे वळविले.

पुढील तपास मुंबईचे पोलीस कमिशनर सूटर यांच्याकडे गेला. रेसिडेन्सीचा हवालदार रावजी आणि जमादार नरसू यांनी कबुली दिली. महाराजांचे खासगी कारभारी दामोदरपंत यांनी माफीच्या आश्वासनावर साक्ष दिली. रावजीच्या पट्ट्यात पुडी सापडली आणि तीही सोमलाची ठरली. गोव्याचा बटलर पेद्रो याचेही नाव गोवले गेले. त्याने विष घेतल्याचा साफ इन्कार केला. ज्या जवाहिऱ्याकडून हिरे आणल्याचे सांगण्यात आले, त्याने कमिशनसमोर ती विक्री नाकारली. मल्हाररावांना जानेवारी १८७५ मध्ये अटक झाली आणि २३ फेब्रुवारीस कमिशन बसले. अध्यक्ष कलकत्त्याचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच. सदस्य सर रिचर्ड मीड, फिलिप मेलविल, ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि राजा सर दिनकरराव राजवाडे. महाराजांच्या बचावास विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन आले. त्यांनी उलटतपासणीत नेमका तोच सांधा धरला, जो पेला आणि हवेली यांच्यामध्ये होता.

निकाल तीन विरुद्ध तीन असा लागला. तिन्ही इंग्रज सदस्यांनी आरोप शाबीत मानला. तिन्ही हिंदी सदस्यांनी मानला नाही. या विभागणीकडे इतिहासात बहुधा वर्णभेदाच्या दृष्टीने पाहिले जाते, आणि ते योग्यही आहे. पण आमच्या व्यवसायाच्या अनुभवावरून आणखी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. शिंदे सरकार, रामसिंह आणि दिनकरराव यांच्या मतास रसायनशास्त्राशी भांडण करण्याची गरजच नव्हती. पेल्यात सोमल होता हे मान्य करूनही तो महाराजांच्या आज्ञेने आला हे शाबीत होत नाही, असे म्हणता येते; कारण तो दुवा माफीच्या आशेने बोलणाऱ्या साक्षीदारांवर उभा होता, रासायनिक अहवालावर नव्हे. सरकारनेही १९ एप्रिल १८७५ च्या जाहीरनाम्यात मल्हाररावांना पदच्युत केले ते विषप्रयोगाच्या आरोपावर नव्हे, तर गैरवर्तन आणि गैरकारभार या कारणांवर. महाराजांची रवानगी मद्रासेस झाली, आणि २७ मे १८७५ रोजी सयाजीराव दत्तक येऊन गादीवर बसले. पुढचा उज्ज्वल इतिहास आपणा सर्वांच्या अभिमानाचा आहे.

या खटल्याने शिकविलेला धडा आमच्या खात्यात रोजच्या कामात उतरलेला आम्ही पाहिला. शवविच्छेदनानंतर व्हिसेरा मिठाच्या संपृक्त द्रावणात बरणीबंद होऊन येतो. रक्तात सोडियम फ्लोराइड घातलेले असते. बरणी उघडण्यापूर्वी प्रथम लाख पाहावयाची: मोहोर शाबूत आहे काय, सोबत आलेल्या नमुना मोहोरेशी ती जुळते काय, मिठाच्या द्रावणाचा वेगळा नमुना पाठविला आहे काय. मोहोर तुटलेली असेल तर पुढील सर्व कुशलता व्यर्थ. फेअरसाहेबांच्या पेल्यावर मोहोर नव्हती. तो हातोहाती फिरला. मग बेल्जियन रसायनज्ञ स्टास यांनी १८५० च्या सुमारास घालून दिलेल्या मार्गाने विष मांसापासून वेगळे करावयाचे आणि आधुनिक यंत्रांवर ओळखावयाचे. आज सोमल क्वचित दिसतो. कीटकनाशके आणि धान्यातील सल्फासच्या गोळ्याच अधिक. सल्फासचा वायू उडून जातो, म्हणून बरणी उशिरा आली तर पुरावाही उडालेला असतो.

अशा प्रत्येक बरणीमागे एक घर थांबलेले असते. कोठे सून गेलेली असते आणि माहेरचे लोक उत्तर मागत असतात, कोठे एखादा नोकर संशयावरून कोठडीत असतो. अहवाल येईपर्यंत ना दुःख पुरे होते, ना संशय. म्हणून अहवालात जेवढे आढळले तेवढेच लिहावयाचे. "विष आढळले नाही" याचा अर्थ "विष दिलेच नाही" असा करावयाचा नाही, आणि "विष आढळले" याचा अर्थ "अमक्याने दिले" असाही नाही. सरकारी परीक्षकाचा अहवाल न्यायालयात थेट पुरावा म्हणून दाखल करण्याची सोय १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ मध्ये आली आहे. कायद्याने एवढा विश्वास टाकला आहे, तेव्हा शब्दांची काटकसर हे आमच्या पेशाचे पहिले कर्तव्य ठरते.

बडोद्याच्या मराठी घरांनी आता हिरकणीची गोष्ट मुलांना गोष्ट म्हणूनच सांगावी. सोमल खरा होता, हे मोकळेपणाने मान्य करावे. आणि मल्हाररावांच्या कारभाराविषयी ज्याचे जे मत असेल ते असो, विषप्रयोगाचा दोष त्यांच्यावर शाबीत झाला नव्हता, एवढे वाक्य त्यांच्या नावापुढे न चुकता जोडावे. दीडशे वर्षांनंतर का होईना, पेल्यातील गाळास त्याच्या योग्यतेएवढीच साक्ष देऊ द्यावी, त्याहून अधिक नाही.