पेटीच्या सुरांवरील जुना सरस

अठराव्या शतकाच्या नवव्या दशकात डिचोली व पेडणे हे महाल पोर्तुगीज अमलाखाली गेले. तोवर मूर्तिभंजनाचा पहिला आवेग ओसरला होता. त्यामुळे या भागातील देवळे आणि त्यांची वाद्यसेवा अखंड राहिली. या वाद्यांत पेटी सर्वांत धाकटी. पॅरिसच्या दबँ याने १८४२ साली हार्मोनियमचे हक्क नोंदविले. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी ती हाताच्या भात्यावर आणली. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दूर ठेवले. भजनाने मात्र तिला अंतर दिले नाही. पेडण्यातील दशावताराची पायपेटी आणि डिचोलीकडील भजनाची हातपेटी, दोन्ही आपल्या परिचयाच्याच आहेत.

पेटीचा प्राण म्हणजे पितळेचे सूर. प्रत्येक सुराची पातळ जीभ एका टोकाशी रिबिटाने जखडलेली असते व दुसऱ्या टोकाशी मोकळी कंप पावते. मोकळ्या टोकाचे पितळ किंचित खरवडले की सूर चढतो, मुळाशी खरवडले की उतरतो. ज्या जाणत्याने पेटी लावली, त्याच्या कानाचा निवाडा कानशीच्या त्या बारीक रेघांत राहिलेला असतो. म्हणून जिभेवर साचलेला जुना चिकटा काढणे हे नाजूक काम आहे. चिकट्याच्या भाराने सूर उतरतो हे खरे. परंतु तो चाकूने खरवडताना पितळही गेले, तर मूळ स्वर कायमचा हरवतो.

चिकट्याच्या थरांत पेटीचा इतिहासही वाचता येतो. तळाशी बहुधा सरस असतो, जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला, पिंगट व ठिसूळ. कोठे लाख आढळते. १९५९ नंतर फेविकॉल बाजारात आले. त्याचा थर फिकट व चिवट असतो. त्यावर रबरी गोंद वा चिकटपट्टीचा राप आढळला, तर दुरुस्ती त्याहूनही अलीकडची आणि घाईची समजावी.

ज्या जातीचा चिकटा, त्या जातीचा उपाय. सूर लाकडापासून सोडवून, कोमट पाण्यात भिजवून पिळलेले फडके त्यावर काही वेळ ठेवावे. सरस मऊ पडतो. फेविकॉलही असाच फुगतो, पण त्याला वेळ अधिक लागतो. लाखेला स्पिरिट, रबरी गोंदाला पांढरे पेट्रोल; हे दोन्ही समईपासून दूर, उघड्या हवेत वापरावे. मऊ झालेला थर बांबूच्या कामटीने, जीभ न वाकविता, मुळाकडून टोकाकडे सारावा आणि सूर लगेच कोरडा करावा.

डिचोलीच्या पितळी समया चिंच लावून लखलखीत करण्याची आपली जुनी रीत आहे. समईला ती मानवते, सुराला नाही. आम्ल पितळ खाते. अमोनिया असलेली द्रावणे तर याहून घातक. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील तबेल्यांजवळ साठविलेल्या काडतुसांची पितळी कवचे पावसाळ्यात आपोआप तडकत. तबेल्यांतील अमोनिया, दमट हवा आणि धातूत उरलेला ताण यांचा हा परिणाम असल्याचे १९२१ साली सिद्ध झाले. आपला पावसाळा काही कमी दमट नाही, आणि सुराच्या जिभेला वाजताना सतत वाकावे लागते.

देवस्थानांच्या महाजनांनी एवढे अवश्य करावे: जुनी पेटी दुरुस्तीस देण्यापूर्वी तिचा प्रत्येक सूर ध्वनिमुद्रित करून ठेवावा, आणि सुरांना कानस वा पॉलिश लावू नये अशी सूचना कारागिराला लेखी द्यावी. नवे सूर विकत मिळतात. परंतु ज्या स्वरात त्या गावाचे भजन दोन-तीन पिढ्या उभे राहिले, तो स्वर त्या जुन्या पितळातच आहे.