लेखणी उचलण्याआधीचा वेळ

नवा रायपूरहून बोलतोय. आजचा भाग लढायांचा नाही, शाळेतल्या निबंधाचा आहे. हसू नका, विषय वाटतो तितका मवाळ नाही.

आमच्याकडे विमानाने आलात तर ज्या विमानतळावर उतराल, त्याला स्वामी विवेकानंदांचं नाव आहे. कारण १८७७ साली चौदा वर्षांचा नरेंद्र दत्त वडिलांकडे रायपूरला राहायला आला होता. रेल्वे नागपूरपर्यंतच, पुढे जंगलातून बैलगाडी. इथे त्याच्याजोगी शाळाच नव्हती. मग वकील वडिलांनी काय केलं? पोराशी बोलत बसले. घरी जाणती माणसं यायची, वाद व्हायचे, आणि मुलालाही त्यात मत मांडायची मुभा असायची. अशी जवळजवळ दोन वर्षं गेली. आजच्या पालकांना विचारा, ते म्हणतील, वर्ष वाया गेलं!

त्यानंतर दहा-एक वर्षांनी याच गावात आपला एक मराठी मुलगा शिकायला आला. माधवराव सप्रे. जन्म १९ जून १८७१, दमोह जिल्ह्यातलं पथरिया. घरात मराठी, आधीचं शिक्षण बिलासपूरला, पुढे रायपूरचं सरकारी हायस्कूल. तिथे नंदलाल दुबे नावाचे शिक्षक भेटले. हे गृहस्थ स्वतः लिहिणारे. सप्र्यांना हिंदी वाङ्मयाची गोडी लागली ती त्यांच्यामुळे. व्याकरण कुणीही शिकवतो हो, पण आपल्या डोक्यात जे घोळतंय ते लिहिण्याजोगं आहे, हे मुलाला कळायला समोर लिहिणारा माणूस असावा लागतो.

आणि या बीजाला उगवायला किती वेळ लागला पाहा. १८९० च्या सुमारास मॅट्रिक, पुढे बी.ए. सरकारी नोकरी दाराशी होती, ती नको म्हणाले. पेंड्राच्या राजकुमाराची शिकवणी धरली, पगारातून पैसे साठवले आणि जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढलं. सोबतीला रामराव चिंचोलकर आणि प्रकाशक वामन बळीराम लाखे. तिघेही मराठी आडनावांचे, आणि मासिक हिंदी! तोट्यात चालून १९०२ अखेर ते बंद पडलं. पण तेवढ्यात, १९०१ मध्ये, सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ त्यात छापून आली. जमीनदार एका म्हातारीची झोपडी बळकावतो. ती चुलीसाठी टोपलीभर माती मागते आणि टोपली डोक्यावर चढवायला त्यालाच हात लावायला सांगते. टोपली काही त्याला उचलत नाही. मग साऱ्या जमिनीचा भार जन्मभर कसा पेलणार, असं ती त्याला विचारते. दोन-तीन पानांची गोष्ट. हिंदीतली पहिली कथा कोणती या वादात तिचं नाव आजही घेतलं जातं. एवढी छोटी गोष्ट घाईत सुचत नाही, असं माझं मत. मोठी सुचेल एखादे वेळी.

आता आजचं बघा. आमच्या वसाहतीतली सातवीतली एक मुलगी परवा ‘माझा अविस्मरणीय पाऊस’ पाठ करत होती. होय, पाठ! शाळेने छापील निबंध दिलाय, वर्गातल्या साऱ्यांचा पाऊस एकच. मी म्हटलं, बेटा, तुझा पाऊस सांग ना. ती म्हणाली, आजोबा, विचार करायला वेळ कुठे असतो? विषय फळ्यावर आला की लगेच लिहायचं असतं.

सैन्याच्या निवडीत, एसएसबीत, असंच असतं. एक चित्र ३० सेकंद दाखवतात आणि ४ मिनिटांत गोष्ट लिहायला लावतात. तिथे ते योग्य आहे, कारण घाईत माणसाच्या मनात काय उमटतं तेच पाहायचं असतं. त्यातून लेखक घडवायचा नसतो. आपल्या शाळांनी मात्र प्रत्येक निबंधाची एसएसबी करून टाकली आहे.

सैन्यातच दुसरीही एक रीत आहे, ती शाळांनी उचलावी. हुकूम आला की हाताशी असलेल्या वेळाचा एकतृतीयांश वरच्याने वापरायचा, बाकीचा खालच्यांना ठेवायचा. त्यांनाही नकाशा पाहायचा असतो, आपसात बोलायचं असतं. चाळीस मिनिटांच्या तासाला हेच लावा. गुरुजींची तेरा मिनिटं. उरलेल्या वेळात मुलांनी आधी बोलावं, भांडावं, खिडकीबाहेर बघावं, वहीच्या मागच्या पानावर वाट्टेल ते खरडावं. लिहिणं दुसऱ्या दिवशी झालं तरी चालेल. अभ्यासक्रम मागे पडेल म्हणता? सीबीएसई बोर्डाच्या परीक्षेतसुद्धा पहिली १५ मिनिटं फक्त प्रश्नपत्रिका वाचायला देतात, तेव्हा उत्तर लिहायला बंदी असते. भर परीक्षेत जे परवडतं, ते वर्षभर का परवडू नये?

आणि हे आपल्याला नवीनही नाही. अमळनेरला साने गुरुजी छात्रालयाच्या मुलांसाठी हाताने दैनिक लिहून काढत. मुलांच्या रोजच्या दिवसाला वाङ्मयात जागा आहे, हे ते रोज दाखवून देत होते.

जुन्या रायपुरात बूढ़ा तालाबाच्या परिसरात विवेकानंदांचा भव्य पुतळा आहे, आणि जवळच सप्र्यांच्या नावाची शाळा व मैदान. इकडे आलात तर दोन्ही एकाच फेरीत पाहून होतील. पुढच्या भागात याच सप्र्यांचा नागपूरचा ‘हिंदी केसरी’ आणि १९०८ ची अटक.