छोट्या लाइनची सफर



विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी विचारलं, की चंद्रपूर-गडचिरोलीच्या व्याख्यानात वाफेच्या गाडीची सहल कुठून आली? तसल्या गाड्या दार्जिलिंगला, उटीला, फार तर माथेरानला. शंका रास्त आहे. आपल्याकडे तशी सहल कुणी काढली नाही. पण सत्तर-ऐंशी वर्षं वाफेची छोटी गाडी याच जंगलातून, याच टेकड्यांमधून रोज धावत होती आणि आमच्यासारखे हजारो लोक तिकीट काढून तिच्यात बसत होते. त्या बसण्याला सहल म्हणायचं नाही, हे कुणी ठरवलं? आजचा विषय तोच.

दोन तारखांपासून सुरुवात करू. नेरळ-माथेरान रेल्वे १९०७ साली सुरू झाली. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं, मुख्यतः अब्दुल हुसेन यांच्या खटपटीनं ती बांधली. उद्देश उघड होता. मुंबईच्या श्रीमंतांना थंड हवेच्या ठिकाणी पोचवायचं, घोडा आणि डोलीचा त्रास वाचवायचा. त्यानंतर वर्षभरानं, १९०८ च्या सुमारास, बंगाल-नागपूर रेल्वेची अरुंद मापाची लाइन नागभीडला पोचली. एक फाटा गोंदियाहून आला, दुसरा नागपूरहून. पुढे पहिल्या महायुद्धाच्या आधी ती मूल, केळझर करीत चांद्यापर्यंत गेली. दोन्ही गाड्या छोट्या, दोन्ही वाफेच्या, दोन्ही डोंगरझाडीतल्या, आणि वयात फरक वर्षाचा. एकीला आज वारसा म्हणतात. दुसरीला आयुष्यभर मागासपणाची खूण म्हटलं गेलं.

आमच्याकडे तिला कुणी नॅरो गेज म्हणत नसे. ‘छोटी लाइन’ म्हणत. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मोठ्या लाइनचं साडेपाच फूट. एवढं लहान माप का निवडलं? कारण स्वस्ताई. माप लहान म्हणजे वळण आवळ घेता येतं, भराव आणि खोदकाम कमी लागतं, पूल हलके चालतात, डबे हलके. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत पिळून निघाला होता. जिथे धान्य पोचवायला रस्ते नव्हते, तिथे माणसं मेली. त्यानंतरच्या वर्षांत गोंदिया-जबलपूरची सातपुड्यातली छोटी लाइन झाली, आणि आपली लाइन त्याच कुटुंबातली धाकटी. सरकारला दया आली होती, असा याचा अर्थ घेऊ नका. इकडून न्यायलाही पुष्कळ होतं. वैनगंगेच्या खोऱ्यातला धान, जंगलातला बांबू, सागवान, मोहफुलं. दुष्काळात धान्य आणणारा डबा सुकाळात धान्य घेऊन जातो. रेल्वेच्या इतिहासात हे दोन्ही एकाच रुळावर चालतं.

चांद्याचं एक गमतीदार प्रकरण सांगतो. वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत मोठी लाइन एकोणिसाव्या शतकातच आली होती, ती कोळशासाठी. वरोऱ्याची खाण सरकारी होती. हीच लाइन पुढे चांदा, बल्लारशाहपर्यंत वाढली. ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची. छोटी लाइन बंगाल-नागपूर कंपनीची. दोन कंपन्या, दोन मापं, म्हणून एकाच गावाला दोन स्टेशनं. एक नुसतं चांदा, दुसरं चांदा फोर्ट. पुढे गावाचं नाव चंद्रपूर झालं, पहिल्या स्टेशनाचंही झालं. दुसऱ्यावर आजही ‘चांदा फोर्ट’ अशी पाटी आहे. कंपनी गेली, छोटी लाइन गेली, गावाचं जुनं नाव तेवढं त्या फलाटावर राहिलं.

आता गाडीत बसू या.

आम्ही लहानपणी ज्या गाडीत बसलो ती कोळशाची. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीनं बांधलेली ‘सीसी’ वर्गाची इंजिनं बंगाल-नागपूर रेल्वेनं या छोट्या लाइनींसाठी घेतली होती. पुढे चार लहान चाकं, मध्ये सहा मोठी, मागे दोन. मोठ्या लाइनच्या इंजिनासमोर ती खेळण्यासारखी दिसत, पण जवळ उभं राहिलं की पोटातली धग अंगावर येई. खिडकीशी बसायचा हट्ट आमचा. आई म्हणायची, डोळ्यात कोळसा जाईल. जायचाच. मग पदराच्या टोकाला फुंकर मारून, तो उबदार पदर डोळ्याला लावून बसायचं. या बाबतीत आमच्या पिढीच्या सगळ्यांची आठवण एकच आहे, आणि ती सगळ्यांची खरी आहे.

नागभीडहून गोंदियाकडे निघालं की ब्रह्मपुरीनंतर वैनगंगेचा पूल येतो. पुलावर गाडीचा आवाज बदलायचा, पोकळ व्हायचा. बायका नदीत पैसा टाकून हात जोडायच्या. पलीकडे वडसा. म्हणजे आजचा गडचिरोली जिल्हा. तो जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला झाला, चंद्रपूर तोडून. एवढ्या मोठ्या जिल्ह्याच्या वाट्याला रेल्वे आली ती एका कोपऱ्यातून, अशी शिवून जाणारी. आणि ज्याला आपण झाडीपट्टी रंगभूमी म्हणतो, तिचं मोठं केंद्र झालं ते वडसाच. नाटक मंडळ्यांची कार्यालयं तिथे, करार तिथे, धान कापणीनंतरचा हंगाम तिथून हलतो. हे केवळ रेल्वेमुळे झालं असं आम्ही म्हणणार नाही. पण पडदे, पेट्या, पेटीमास्तर आणि पाहुणे नट जिथे उतरू शकतात, तिथेच असलं केंद्र उभं राहतं, एवढं नक्की.

उलट दिशेला, नागभीडहून चांद्याकडे, देखावा खरा. डोंगर म्हणाल तर सह्याद्रीसारखे नाहीत. उगाच फुगवून सांगायचं कारण नाही. सातबहिणीचा डोंगर, जिथे पेरजागड आहे, तो नागभीड-तळोधीच्या बाजूला दिसतो. घोडाझरी, नलेश्वर यांसारखे तलाव टेकड्यांच्या कुशीत आहेत. सिंदेवाही, राजोलीनंतर झाडी दाट होते. मूल-केळझरच्या पट्ट्यात सागवान, ऐन, बिजा, बांबू रुळाच्या अगदी जवळ. फाल्गुनात पळस पेटलेला आणि मोह गळायला लागलेला. गाडी वळणावर असली की मागच्या डब्यातून इंजिन दिसायचं. चढावर त्याचा श्वास तुटायचा, एकेक फुसकारा वेगळा मोजता यायचा. चाकं घसरू नयेत म्हणून चाकांपुढे रुळावर वाळू सोडत. मग पाण्याला थांबा. वाफेचं इंजिन कोळशापेक्षा पाण्याला अधिक अडतं. टाकीखाली उभं राहून ते घटाघटा प्यायचं, तेवढ्यात प्रवासी उतरून हातपाय मोकळे करायचे.

इथे तुम्ही हसणार, कारण पुढचा किस्सा तुम्हाला ठाऊक आहे. चालत्या गाडीतून उतरायचं, झाडाआड जाऊन यायचं आणि पुन्हा तीच गाडी पकडायची. हा किस्सा आम्हाला नागभीडला ऐकायला मिळाला, उमरेडला मिळाला, यवतमाळच्या शकुंतलेबद्दल मिळाला. जगातल्या प्रत्येक छोट्या गाडीबद्दल तो सांगतात. इतिहासकारानं तो पुरावा म्हणून नोंदवू नये. पण लोकांना त्या गाडीची भीती वाटत नव्हती, हे त्यातून कळतं.

जंगलाचा मात्र तिच्याशी संबंध इतका प्रेमळ नव्हता. रेल्वे जंगलावर जगली. रुळाखाली आडव्या टाकायच्या स्लीपरांसाठी लाकूड हवं, म्हणून सरकारला जंगलाची काळजी वाटू लागली. वनखातं १८६४ साली निघालं, ब्रँडिस पहिले महानिरीक्षक. मग १८६५ आणि १८७८ चे वनकायदे. जंगल राखीव झालं म्हणजे कुणापासून राखलं? तर त्यातच राहणाऱ्या गोंड-माडियांपासून. ज्या टेकडीचा देखावा खिडकीतून आम्हाला सुंदर वाटायचा, तिच्यावर कुऱ्हाड घेऊन जाणं त्या टेकडीखालच्या गावाला गुन्हा झालेलं होतं. गाडीत बसणाऱ्यानं हे विसरायला नको.

आणि ठिणग्या! धुराड्यातून उडणारी ठिणगी उन्हाळ्यातल्या गवतात पडली की वणवा. धुराड्यात जाळी बसवत, तरी ठिणगी निसटायचीच. म्हणून रुळाच्या कडेचं गवत वेळेआधीच जाळून टाकायचं, जाळरेषा काढायच्या. वनरक्षकाचं ते दरवर्षीचं काम. म्हणून वाफेचं इंजिन म्हणजे निसर्गाचं मित्र, डिझेल-वीज म्हणजे शत्रू, असली सोपी वाटणी आम्हाला मान्य नाही.

तरी एका गोष्टीचा विचार करा. वेगाचा. छोटी गाडी हळू होती. रुळावर गुरं आली तर शिट्टी मारून थांबायला अवकाश असे. १९९० च्या दशकात गोंदिया-चांदा फोर्ट लाइनीचं माप बदलून ती मोठी झाली, बल्लारशाहला जोडली गेली. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मालगाड्यांना नवी वाट मिळाली. देशाच्या दृष्टीनं उत्तम झालं. आमच्या लोकांनाही गोंदियाला लवकर पोचता येऊ लागलं, हे नाकारणं अप्रामाणिकपणा ठरेल. पण ही लाइन ताडोबाच्या परिसरातल्या वाघांच्या येण्याजाण्याच्या वाटा कापते. नोव्हेंबर २०१८ मध्ये जुनोन्याजवळ, चिचपल्ली वनपरिक्षेत्रात, याच मार्गावर गाडीखाली वाघाचे तीन बछडे मेले. त्यांचं वय सहा महिन्यांच्या आसपास. फोटो तुम्ही पाहिले असतील. रूळ तिथे शंभर वर्षं होतेच. बदलला तो वेग आणि गाड्यांची संख्या.

माप बदलल्यावर नागभीड स्टेशन काही वर्षं मोठं विचित्र दिसायचं. एका बाजूला मोठी लाइन, दुसऱ्या बाजूला नागपूरकडे जाणारी छोटी, आता डिझेलची. शंभरावर किलोमीटरची ती वाट कुही, उमरेड, भिवापूर करीत इतवारीला निम्म्या दिवसात पोचायची. इतवारीला माल छोट्या डब्यातून मोठ्यात हमालांनी पाठीवरून चढवायचा, ही छोट्या मापाची किंमत पहिल्यापासून होती. बांधताना वाचलेला पैसा हमालांच्या पाठीवरून वसूल झाला म्हणा ना.

२५ नोव्हेंबर २०१९ ला ती गाडीही बंद झाली, माप बदलण्यासाठी. या मार्गावर उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचा परिसर येतो, म्हणून जंगलातल्या तुकड्यात रूळ उंचावरून न्यावेत अशी वन्यजीवप्रेमींची मागणी आली. तिकडे वडसा-गडचिरोली हा बावन्न किलोमीटरांचा मार्ग मंजूर होऊन दशक उलटलं, तरी गडचिरोलीच्या माणसाला आपल्या जिल्ह्याच्या गावी अजून रेल्वेनं जाता येत नाही. त्या वाटेतही जंगल आहे. गडचिरोलीच्या विद्यार्थ्याला वाघाचं कारण सांगून थांबवायचं, आणि माल वाहायचा असला की तेच कारण मागे पडायचं, हे आम्हाला खटकतं. दोघांसाठी एकच नियम लावा, एवढंच म्हणणं आहे.

आता वारशाची गोष्ट. नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरो गेजचं संग्रहालय आहे. जरूर बघा, मुलांना न्या. तिथे इंजिनं पुसून, रंगवून उभी आहेत. एक तुकडा जपून त्यावर वाफेची सहल-गाडी चालवावी, अशी कल्पना अधूनमधून कुणीतरी मांडतं. आम्ही तिच्या विरोधात नाही. फक्त तिकिटाच्या पाठीवर छापलेला इतिहास माथेरानचा नसावा. इथल्या गाडीत हवा खायला कुणी बसलं नव्हतं. बाजार, दवाखाना, कोर्टाची तारीख, सोयरीक, नाटक, कॉलेज, आणि धान पिकलं नाही त्या वर्षी मजुरीसाठी बाहेर. देखावा त्यात फुकट मिळत होता, आणि लोक तो बघतही होते. आमच्या एका मावशी दर फेरीला केळझरच्या पुढे डबा उघडायच्या. तिथली सावली चांगली लागते, म्हणायच्या. डबा हलतोय, सावली पळतेय, पण त्यांची जागा ठरलेली.

शेवटच्या दिवसांत आम्ही भिवापूरपर्यंत त्या गाडीनं गेलो. डब्यात कॅमेरे घेतलेली पुष्कळ मंडळी होती, आमच्याही हातात होतेच. खिडकीशी एक म्हातारी बसली होती, इतवारीच्या बाजारातून मिरची विकून परत चाललेली, मांडीवर रिकामी पोती घडी घालून ठेवलेली. कुणीतरी तिला जरा सरकायला सांगितलं, वळणावरचं इंजिन टिपायचं होतं. ती सरकली. मग आमच्याकडे वळून म्हणाली, “बापा, उद्यापासून पोतं यष्टीत घेतीन का?” कंडक्टर लगेज लावेल, असं आम्ही सांगितलं. किती, ते तिनं विचारलं. आम्हाला माहीत नव्हतं.