दुरुस्ती निघाली, पण पोचली नाही

 

या मालिकेत आपण लढाया, वाटा, रसद यांच्याबद्दल बोलतो. आजचा विषय तुमच्या घरातच आहे. टीव्हीच्या मागे किंवा दारावर खिळ्याला टांगलेली ती दोन-तीन अँटेनांची डबी बघा. कोणी तिला मोडेम म्हणतं, कोणी राउटर. आमच्या गल्लीतला केबलवाला तिला नुसतं ‘डब्बा’ म्हणतो. घरातला मोबाइल, टीव्ही, मुलांचा अभ्यास, आजोबांच्या पेन्शनचं बँकखातं, सगळ्यांची ये-जा त्या एका दारातून होते.

ही डबी म्हणजे एक छोटा संगणक आहे. तिच्या चिपमध्ये कारखान्यातच एक प्रोग्राम भरलेला असतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. मोबाइल दर काही दिवसांनी ‘अपडेट करा’ म्हणून मागे लागतो. डबी बहुतेक वेळा काहीच मागत नाही. पाच-सात वर्षं मुकाट्याने चालत राहते आणि आपण तिला विसरून जातो.

मी सैन्यात सिग्नल्समध्ये होतो. तिथे जवानाला सुरुवातीलाच शिकवतात की निरोप पाठवला म्हणजे काम संपलं असं नाही. समोरून ‘मिळाला’ असं उत्तर येईपर्यंत तो वाटेतच आहे असं धरायचं. राउटरचा गेल्या वीसेक वर्षांचा इतिहास मी याच नजरेने वाचतो. दोष सापडत गेले, जाणकारांनी त्यांवर दुरुस्त्याही लिहिल्या. पण त्या घरोघरी पोचल्या का, हे बघायचं काम कोणाकडेच नव्हतं.

सुरुवात २००२ सालापासून करू. राउटरच्या सेटिंगचं पान दाखवणारा रॉमपेजर नावाचा एक छोटा प्रोग्राम होता. अमेरिकेतल्या अॅलेग्रोसॉफ्ट कंपनीने तो बनवला होता आणि अनेक कंपन्या तो आपापल्या डब्यांमध्ये वापरत. २००२ मध्ये त्यात एक दोष शिरला. इंटरनेटवर ‘कुकी’ नावाची चिठ्ठी इकडून तिकडे जात असते. ती एका विशिष्ट तऱ्हेने लिहून पाठवली की डबीच्या स्मृतीत गोंधळ व्हायचा आणि पाठवणाऱ्याला मालकाचे अधिकार मिळायचे, तेही पासवर्ड न देता. अॅलेग्रोसॉफ्टने २००५ मध्ये हा दोष काढून नवी आवृत्ती दिली.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण डिसेंबर २०१४ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने जगभर पाहणी करून सांगितलं, की हाच दोष असलेल्या किमान १ कोटी २० लाख डब्या १८९ देशांत चालू आहेत. त्यांत डी-लिंक, टीपी-लिंक, झेडटीई, हुआवे अशा ओळखीच्या नावांची मॉडेल होती. दुरुस्ती होऊन नऊ वर्षं झाली होती!

असं का झालं? दुरुस्तीची वाट बघा. प्रोग्राम लिहिणाऱ्याकडून ती चिप बनवणाऱ्याकडे, तिथून डबी बनवणाऱ्याकडे, तिथून इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडे आणि शेवटी तुमच्या घरी. या साखळीतला प्रत्येक जण पुढच्याला माल देतो, पैसे घेतो आणि मोकळा होतो. ‘पोचली का?’ हा प्रश्न कोणीच विचारत नाही.

मी राहतो त्या लखनौच्या इतिहासात या प्रश्नाचं एक चांगलं उदाहरण आहे. ३० जून १८५७ रोजी चिनहटला इंग्रजांचा पराभव झाला आणि रेसिडेन्सीला वेढा पडला. तार तुटलेली. बाहेर निरोप न्यायला माणसं पाठवली, त्यांतली बरीच परतलीच नाहीत. अंगद नावाचा एक पेन्शनर शिपाई मात्र जाऊन परत येत राहिला. चिठ्ठी पिसाच्या पोकळ नळीत घातलेली आणि पकडली गेली तरी वाचता येऊ नये म्हणून महत्त्वाचा मजकूर ग्रीक अक्षरांत. २२ सप्टेंबरच्या रात्री तो जनरल आऊट्रमचं उत्तर घेऊन आत आला आणि २५ सप्टेंबरला हॅवलॉक-आऊट्रमची फौज रेसिडेन्सीत पोचली. अंगद ज्या बाजूने होता त्याबद्दल आपलं मत काहीही असो, त्याच्या कामातले दोन नियम घेण्यासारखे आहेत. पहिला, पोच परत आली पाहिजे. दुसरा, ज्या वाटेने निरोप जातो त्या वाटेवर शत्रूही टपलेला असतो, म्हणून निरोप आणि वाट दोन्ही जपायची.

आता पुन्हा डबीकडे. घरोघरी माणूस पाठवून फर्मवेअर बदलणं कंपन्यांना परवडत नाही. म्हणून २००४ मध्ये डीएसएल फोरम या संघटनेने टीआर-०६९ नावाची पद्धत ठरवली. इंटरनेट देणारी कंपनी आपल्या कचेरीत बसून ग्राहकाच्या डबीची सेटिंग बदलू शकेल, नवं फर्मवेअर पाठवू शकेल, अशी ही सोय. त्यासाठी डबीला एक खास दार ठेवलं, क्रमांक ७५४७. कल्पना चांगलीच होती. फक्त ते दार कंपनीलाच उघडावं आणि बाकी जगाला बंद राहावं, एवढी काळजी अनेक ठिकाणी घेतली गेली नाही.

त्याचे परिणाम दोन देशांत कसे वेगळे दिसले ते बघू.

२०१६ मध्ये मिराई नावाचा किडा इंटरनेटवर फिरू लागला. त्याच्याजवळ कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या होत्या, ‘अॅडमिन-अॅडमिन’ छापाच्या. तो दारोदार जाऊन त्या लावून बघायचा. कॅमेरे, रेकॉर्डर, राउटर मिळून लाखो यंत्रं त्याने ताब्यात घेतली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या फौजेने डिन या अमेरिकी कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या मोठ्या सेवा काही तास अडखळल्या. पुढे तपासात तीन तरुणांनी मिराई बनवल्याचा गुन्हा कबूल केला.

त्या नोव्हेंबरच्या अखेरीस मिराईचाच एक सुधारलेला भाऊबंद ७५४७ क्रमांकाचं दार ठोठावू लागला. जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचं इंटरनेट बिघडलं. गंमत म्हणजे त्यांच्या डब्यांत किडा शिरलाच नव्हता. सारख्या ठोठावण्यानेच त्या कोलमडत होत्या. कंपनीने लगेच नवं फर्मवेअर तयार केलं, लोकांना डबी बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं आणि नवं फर्मवेअर त्यांच्यापर्यंत पोचवलं. काही दिवसांत बहुतेक घरं पूर्ववत झाली. नुकसान मोठं होतं, पण साखळीच्या शेवटी जबाबदारी घेणारा कोणीतरी होता.

आता आपल्याकडे या. जुलै २०१७ च्या अखेरीस बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या ब्रॉडबँड ग्राहकांच्या डब्या अचानक बंद पडू लागल्या. बातम्यांमध्ये आकडा होता सुमारे ६०,००० मोडेमचा, कर्नाटकात फटका विशेष. हल्ला झालेल्या मोडेमवर कारखान्यातलाच ‘अॅडमिन’ हा पासवर्ड तसाच होता. बीएसएनएलने आपलं मुख्य जाळं सुरक्षित असल्याचं सांगितलं आणि ग्राहकांना पासवर्ड बदलायला सांगितलं. ब्रिकरबॉट हा किडा लिहिणाऱ्या अनोळखी इसमाने हे आपणच केल्याचा दावा केला. ‘ब्रिक’ म्हणजे वीट. डबीतलं फर्मवेअर पुसून तिची वीट करून टाकायची, म्हणजे मिराईसारख्यांना ती वापरता येणार नाही, असा त्याचा तर्क. चोर शिरेल म्हणून दुसऱ्याचं घरच पेटवून द्यायचं, असला हा न्याय.

माझं लक्ष जातं ते पासवर्ड बदलण्याच्या सल्ल्याकडे. सल्ला बरोबरच होता. पण मोडेम बसवून देणारा लाइनमन होता, कंपनीची कचेरी होती आणि दूरच्या दाराची सोयही होती. एवढं असूनही शेवटचा पहारा ग्राहकावर पडला. ज्या गृहिणीला किंवा दुकानदाराला डबीला पासवर्ड असतो हेच कोणी सांगितलं नव्हतं, त्यांना पहारेकरी नेमलं गेलं, तेही हल्ला झाल्यावर.

‘माझ्या डबीत चोराला काय मिळणार?’ असं अनेकांना वाटतं. याचं उत्तर ब्राझीलमध्ये आहे. २०११ मध्ये तिथल्या सुमारे ४५ लाख मोडेमच्या फर्मवेअरमधला दोष वापरून चोरांनी आतली पत्त्यांची नोंद बदलली. माणूस बँकेचा पत्ता बिनचूक टाइप करायचा आणि डबी त्याला चोराच्या नकली पानावर न्यायची. संगणकात व्हायरस नाही, टाइप करण्यात चूक नाही, तरी पैसे जायचे. मंडळी, वाटाड्याच फितूर झाला तर प्रवाशाने कितीही सावध असून काय उपयोग?

नेहमी कंपनीचाच दोष असतो असंही नाही. मिक्रोटिक या लाटव्हियाच्या कंपनीने एप्रिल २०१८ मध्ये आपल्या राउटरमधला गंभीर दोष कळताच लगेच दुरुस्ती दिली. तरी ऑगस्टमध्ये ब्राझीलपासून सुरू होऊन दोन लाखांवर मिक्रोटिक राउटर दुसऱ्यांसाठी आभासी चलन कमवायच्या कामाला जुंपले गेले. दुरुस्ती तयार होती, लावणारे झोपले होते.

मग सगळ्या डब्यांना आपोआप दुरुस्ती पाठवली की झालं, असं म्हणावंसं वाटतं. इथे अंगदचा दुसरा नियम आठवा. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं. त्याच पहाटे हल्लेखोर व्हायासॅट कंपनीच्या उपग्रह-इंटरनेटच्या व्यवस्थापन जाळ्यात शिरले होते. कंपनी मोडेमना ज्या वाटेने हुकूम देते, त्याच वाटेने त्यांनी मोडेमची स्मृती पुसण्याचा हुकूम सोडला. युक्रेन आणि युरोपात हजारो मोडेम निकामी झाले. जर्मनीत एनरकॉन कंपनीच्या ५,८०० पवनचक्क्यांचं दुरून होणारं नियंत्रण तुटलं. पुढे व्हायासॅटला सुमारे ३०,००० मोडेम बदलून द्यावे लागले. रसदीचा रस्ता बांधला की त्यावर चौकी बसवावीच लागते, नाहीतर तो शत्रूच्या कामी येतो.

शेवटचा प्रश्न म्हातारपणाचा. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकी सरकारने जाहीर केलं, की चीनशी जोडलेल्या व्होल्ट टायफून या गटाने ताब्यात घेतलेले तिथले शेकडो राउटर न्यायालयाच्या परवानगीने साफ करण्यात आले. त्यांत बहुतेक सिस्को आणि नेटगिअरची जुनी मॉडेल होती. कंपनीने त्यांच्यासाठी दुरुस्त्या देणं थांबवलेलं, पण डब्या मात्र ठणठणीत चालू. आमच्याकडे नाका हिंडोला असो, मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, ‘चालू आहे ना, मग चांगली आहे’ या एकाच कसोटीवर डबी विकली जाते आणि घेतली जाते. फौजेत बंदूक चालते म्हणून ती तपासणीतून सुटत नाही.

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कायदा लागू झाला आहे. सगळ्या डब्यांना एकच सोपा पासवर्ड देऊन विकता येत नाही आणि दुरुस्त्या किती काळ मिळतील हे विकतानाच सांगावं लागतं. मला यातली दुसरी अट अधिक मोलाची वाटते. औषधाच्या पट्टीवर मुदत छापतात, तशी डबीवरही असली पाहिजे. आपल्याकडे सर्ट-इन ही संस्था २००४ पासून काम करते आहे आणि २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्रही सुरू झालं. त्यांचे इशारे वेळेवर निघतात. ते इशारे साताऱ्याच्या, बेळगावच्या, इंदूरच्या घरातल्या डबीपर्यंत उतरतात का, हे आपण ग्राहकांनी विचारायचं आहे.

म्हणून आज दोन कामं सांगतो. डबीच्या खालच्या चिकटपट्टीवर मॉडेल आणि सेटिंगच्या पानाचा पत्ता असतो. घरातल्या कॉलेजवाल्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा, पासवर्ड बदला आणि फर्मवेअर कोणत्या तारखेचं आहे ते वहीत लिहून ठेवा. दुसरं काम फोनचं. इंटरनेट देणाऱ्या कंपनीला तीन प्रश्न विचारा. या डबीला दुरुस्त्या कोण पाठवतं? शेवटची कधी पाठवली? ती माझ्या डबीत बसली, हे तुम्हाला कसं कळलं?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बहुधा मिळतील. तिसऱ्यावर समोरचा गप्प झाला तर समजा, पोच आलेली नाही. मग पुन्हा फोन करा, लेखी विचारा, आणि मिळालेलं उत्तर आम्हालाही कळवा. जय हिंद.