बागलाणचे गिरिवैभव : मांगीतुंगी, मुल्हेर आणि साल्हेर

नाशिक जिल्ह्याच्या उत्तर टोकास, गुजरातच्या सीमेलगत, बागलाण हा प्राचीन प्रदेश वसलेला आहे. सह्याद्रीच्या सेलबारी-डोलबारी या रांगा येथे पूर्वेकडे पसरतात आणि त्यांच्या कुशीतून मोसम नदी वाहते. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांतून घडलेले हे काळ्या पाषाणाचे डोंगर पर्जन्यकाळानंतर हिरवेगार होतात. खाली द्राक्षे, डाळिंबे व कांद्याची शेती आणि वर उभे ताशीव कडे, असे या भूमीचे रूप आहे. या एकाच परिसरात तपस्वींचा डोंगर, राजांची राजधानी आणि वीरांची रणभूमी ही तिन्ही स्थाने परस्परांच्या सान्निध्यात उभी आहेत.

यांपैकी मांगीतुंगी हे नाव प्रत्येक जैन श्रावकाच्या परिचयाचे आहे. सुमारे ४,३०० फूट उंचीची ही दोन शिखरे एका खिंडीने जोडलेली आहेत. दिगंबर परंपरेत हे सिद्धक्षेत्र मानले जाते. राम, हनुमान, सुग्रीव, नील, महानील आदींसह नव्याण्णव कोटी मुनी येथून मोक्षास गेले, अशी श्रद्धा आहे. श्रीकृष्णाच्या देहावसानानंतर बलभद्रांनी येथेच तप केले, असेही परंपरा सांगते. काही हजार पायऱ्या चढून गेल्यावर कड्यांत कोरलेल्या गुंफा व तीर्थंकरांच्या आणि मुनींच्या पाषाणमूर्ती दिसतात. याच पर्वतात कोरलेल्या भगवान ऋषभदेवांच्या १०८ फूट उंच अखंड मूर्तीची प्रतिष्ठापना २०१६ मध्ये झाली आणि या क्षेत्राची कीर्ती जगभर पोहोचली.

मांगीतुंगीच्या जवळच मुल्हेरचा किल्ला आहे. गुजरातमधील बंदरे व दख्खन यांना जोडणारा मार्ग बागलाणातून जात असल्याने या गडाला मोठे महत्त्व होते. बागुल राजांनी येथून शतकानुशतके राज्य केले. अकबराच्या काळातील ‘आईन-ए-अकबरी’ या ग्रंथातही बागलाणच्या बलाढ्य दुर्गांची नोंद आढळते. १६३८ मध्ये शाहजादा औरंगजेबाच्या सैन्याने हे राज्य जिंकले. आज माचीवरील गणेश व सोमेश्वर यांची मंदिरे, तलाव आणि ढासळलेले वाडे त्या वैभवाची साक्ष देतात. शेजारचे मोरा व हरगड हे गड जणू आजही मुल्हेरवर पहारा देत आहेत.

पश्चिमेस उभा असलेला साल्हेर हा १,५६७ मीटर उंचीचा, महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला होय. कळसूबाईखालोखाल हेच राज्यातील उंच शिखर आहे. परशुरामांनी येथून बाण सोडून समुद्र मागे हटवला, अशी आख्यायिका असून माथ्यावर त्यांचे मंदिर आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये हा गड घेतला. १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे व प्रतापराव गुजर यांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी मोगलांच्या मोठ्या फौजेचा खुल्या मैदानात पराभव केला. सूर्यराव काकडे यांनी येथेच देह ठेवला. जखमी होऊन हाती लागलेल्या मोगल सरदारांना पुढे मुक्त करण्यात आले, ही गोष्ट अहिंसेच्या उपासकांनी आवर्जून स्मरणात ठेवावी अशी आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिलेल्या बारा मराठा दुर्गांत साल्हेरचा समावेश झाला.

बहुधा यात्रेकरू मांगीतुंगीचे दर्शन घेऊन परततात आणि दुर्गप्रेमी साल्हेर चढून निघून जातात. वस्तुतः ही तीन स्थाने एकाच इतिहासाची पाने आहेत. ज्या कातळाने मुनींना एकांत दिला, त्याच कातळाने राजांना आश्रय व सैनिकांना बळ दिले. राज्ये लयास गेली, तोफा थंडावल्या. तपाचा मार्ग मात्र आजही अखंड चालू आहे.

या वारशाला खरे भय आहे ते आपल्याच अनास्थेचे. उघड्या कड्यावरील मूर्ती ऊन, वारा व पाऊस सोसत झिजत आहेत आणि जुने शिलालेख अस्पष्ट होत आहेत. त्यात भक्तीच्या भरात फासलेला रंग, पाषाणावर कोरलेली नावे आणि वाटेवर टाकलेल्या प्लास्टिकची भर पडली, तर शतकांनी जपलेले एका पिढीत नष्ट होईल. नव्या भव्य मूर्तीपुढे नतमस्तक होणाऱ्या श्रावकाने वरच्या जुन्या गुंफांपर्यंतही जावे, मुलांना तेथील शिल्पे दाखवावीत आणि पर्वत जसा होता तसाच ठेवून खाली उतरावे. सिद्धक्षेत्रात केवळ मूर्तीच नव्हे, तर तिला धारण करणारा प्रत्येक पाषाण, वृक्ष व जीव पूज्य आहे. या जाणिवेने केलेली यात्राच खऱ्या अर्थाने सफल होय.