लोखंडाच्या गावचे सूर

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्हांला गुरुदीक्षा मिळून फार काळ लोटला नव्हता आणि कोल्हापुरातील आमची नेमणूकही नवी होती. एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही वस्त्रे उतरवीत असताना, उद्यमनगरातील एका फौंड्रीत काम करणारे आमचे एक धर्मग्रामस्थ आपल्या सतरा वर्षांच्या मुलाचा दंड धरून सॅक्रिस्टीत आले. दुसऱ्या हातात पिशवीभर कॅसेटी होत्या. "फादर, ह्ये सैतानाचं गाणं हाय का न्हाई, तुमीच सांगा. तुमी म्हणशिला तसं करतो," ते म्हणाले. मुलगा आमच्या गायकवृंदात गिटार वाजवीत असे. आम्ही पिशवीत डोकावलो, काळी वेष्टने आणि काटेरी अक्षरे पाहिली, आणि एकही कॅसेट न ऐकता निर्णय देऊन मोकळे झालो. पुढील रविवारी त्याच विषयावर आवेशपूर्ण प्रवचनही केले. कॅसेटी चुलीत गेल्या आणि मुलगा गायकवृंदातून गेला.

निकदेमाने परुश्यांना विचारलेला प्रश्न आम्हांला तेव्हा आठवला नाही. 'हेवी मेटल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या संगीताचा इतिहास आम्ही पुढे सवडीने वाचला, थोडेबहुत ऐकलेही. कान अद्याप सरावलेले नाहीत, हे कबूल करतो. परंतु ते संगीत कोठून आले, हे वाचताना आम्ही वारंवार थबकलो.

त्याचे एक मूळ चक्क प्रार्थनामंदिरात सापडते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे दोन गानप्रकार, दुःखाचे ब्लूज आणि भक्तीचे गॉस्पेल, यांतून रॉक संगीत जन्मले. १९४० च्या दशकात विजेची गिटार गळ्यात अडकवून देवाची गाणी गाणारी सिस्टर रोझेटा थार्प (या 'सिस्टर' म्हणजे आपल्या व्रतस्थ भगिनी नव्हेत, त्यांच्या पंथातील ते संबोधन) ही पुढच्या कित्येक वादकांची मूळ गुरू ठरली. १९६४ मध्ये तिने इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकात गायन केले, तेही दूरचित्रवाणीसाठी. इंग्लंडमधील कामगारवस्तीतील मुले तेव्हा हे ब्लूज आणि गॉस्पेल वेड्यासारखी ऐकत होती.

आवाज 'फाटण्याची' कथाही मनोरंजक आहे. १९५८ मध्ये लिंक रे या अमेरिकन वादकाने ध्वनिवर्धकाच्या कागदी पडद्याला पेन्सिलीने भोके पाडून गिटारचा सूर खरखरीत केला. त्या रचनेत गाण्याचा एकही शब्द नव्हता, तरीही काही नभोवाणी केंद्रांनी ती वाजविण्यास नकार दिला! १९६४ मध्ये लंडनच्या 'किंक्स' या वृंदातील डेव्ह डेव्हिस या पोराने तोच पडदा दाढीच्या पात्याने चिरला. पुढे जिम मार्शल या दुकानदाराने शंभर वॅटचे ध्वनिवर्धक बनविले आणि आवाज अंगावर येऊ लागला. 'हेवी मेटल' हे शब्द १९६८ मध्ये 'स्टेपनवुल्फ' या वृंदाच्या एका गाण्यात आले, तेही मोटारसायकलच्या गडगडाटाविषयी. कारखान्याशी या नावाचा संबंध नाही. पण योगायोग असा की हे संगीत खऱ्या अर्थाने घडले ते लोखंडाच्याच गावी.

ते गाव म्हणजे इंग्लंडमधील बर्मिंगहॅम. आपल्या उद्यमनगराची आणि शिरोलीची शंभरपट वाढवलेली आवृत्ती डोळ्यांसमोर आणावी. तेथील ॲस्टन या कामगारवस्तीतील टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात काम करीत होता. १९६५ मध्ये, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा; म्हणजे तारा दाबण्याचा हात तोच. गिटार संपली, असेच सर्वांना वाटले. कारखान्याच्या मुकादमाने त्याला जँगो राइनहार्ट या वादकाची ध्वनिमुद्रिका आणून दिली. आगीत दोन बोटे निकामी होऊनही जगप्रसिद्ध झालेला तो गिटारवादक. टोनीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे तारा सैल सोडून सूर खाली उतरवला. ज्या गंभीर, जड नादास आम्ही 'सैतानी' म्हटले, त्यात एका जखमी कामगाराच्या बोटांचा वाटा होता. फौंड्रीत बोट गमावलेले निदान तीन धर्मग्रामस्थ ख्रिस्तप्रसाद घेण्यास आमच्यापुढे हात पसरतात; त्यांचे हात पाहताना ही गोष्ट आता हटकून आठवते.

त्याच 'ब्लॅक सॅबथ' वृंदातील गीझर बटलर हा आयरिश कॅथलिक कुटुंबातील सात भावंडांपैकी एक. बहुतेक गीते त्याचीच. १९७१ च्या 'आफ्टर फॉरएव्हर' या गीतात पोपमहोदयांविषयीची एक ओळ कानाला टोचते खरी. परंतु ती श्रद्धेची टवाळी करणाऱ्यास विचारलेला प्रश्न आहे. गायक ऑझी ऑस्बोर्नच्या वडिलांनी, ते हत्यारे घडविणारे कारागीर होते, चौघांना गळ्यात घालण्यास धातूचे क्रूस करून दिले. १९७० मधील पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या आवरणात मात्र उलटा क्रूस छापला गेला. तो कंपनीचा उद्योग होता, चौघांना आधी ठाऊकही नव्हता.

आता त्या कुप्रसिद्ध स्वराविषयी. वृंदाच्याच नावाच्या गाण्यात षड्ज, तार षड्ज आणि मग तीव्र मध्यम, एवढेच तीन स्वर संथपणे येतात. बटलरने होल्स्टच्या 'मंगळ' या रचनेची धून छेडली होती, त्यावरून टोनीला ते सुचले. षड्ज आणि तीव्र मध्यम यांतील अंतरास युरोपात 'संगीतातील सैतान' म्हणत आणि ख्रिस्तसभेने त्यावर बंदी घातली होती, असे आम्ही त्या प्रवचनात ठासून सांगितले होते. ते चुकीचे होते. गाण्यास अवघड म्हणून ग्रेगोरियन गायक ते अंतर टाळीत, हे खरे. पण ते नाव अठराव्या शतकाच्या आरंभी संगीतशास्त्र्यांच्या ग्रंथांत आढळते आणि पोपच्या बंदीचा कोणताही पुरावा नाही. शिवाय अल्लादियाखाँसाहेबांच्या कोल्हापुरात हे सांगावे कोणाला? तानपुऱ्यावर षड्ज झंकारत असताना यमनचा तीव्र मध्यम लागला, तर आपण डोळे मिटतो. क्रूसाची खूण करीत पळत नाही.

हे वारे महाराष्ट्रात पोहोचण्यास वेळ लागला नाही. खरे तर एक बीज येथेच पडले होते. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत १९५० च्या दशकात फरोख बल्सारा हा पारशी मुलगा शाळेच्या गायकवृंदात गात असे आणि 'हेक्टिक्स' या शालेय वृंदात पियानो वाजवीत असे. हाच पुढे 'क्वीन'चा फ्रेडी मर्क्युरी. त्या वृंदाचे १९७४ चे 'स्टोन कोल्ड क्रेझी' इतके वेगवान की १९९० मध्ये 'मेटॅलिका'ने ते पुन्हा गायले. १९७२ मध्ये 'लेड झेपलिन'चे पेज व प्लँट मुंबईत आले, स्थानिक वादकांसह ध्वनिमुद्रण केले आणि कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क'मध्ये वाजवूनही गेले.

पण आम्हांस सर्वांत जवळचा वाटतो तो नंदू भेंडे. मराठी रंगभूमीवरील आत्माराम भेंडे यांचा हा मुलगा मुंबईच्या 'सॅव्हेजेस'सारख्या रॉक वृंदांत गात असे. १९७४ मध्ये अलेक पदमसी यांनी 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' मुंबईत उभे केले, तेव्हा यूदासची भूमिका नंदूने केली. मूळ ध्वनिमुद्रिकेत (१९७०) प्रभू येशूचे गायन 'डीप पर्पल'च्या इयन गिलनचे आहे. म्हणजे हेवी मेटलच्या आद्य गायकांपैकी एकाने गेथशेमानीची व्याकूळता गायिली. त्या नाट्याशी आमचे भांडण आहेच: ते कबरीपाशी, योहान १९:४१ या वचनाच्या नावाने थांबते आणि पुनरुत्थान येतच नाही. तरीही यूदासच्या वेदना अशा स्वरांत मांडणारा एक मराठी तरुण होता, हे आमच्या गावी नव्हते. १९७८ मध्ये पु. लं.च्या 'तीन पैशाचा तमाशा'त तोच अंकुश झाला. २०१४ मध्ये तो निवर्तला.

१९८४ मध्ये मुंबईत महेश तिनईकर आदींचे 'रॉक मशीन' आले, १९८६ पासून धोबीतलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' भरू लागले, आणि तेथून कॅसेटी आमच्या कोल्हापूरच्या पोरांपर्यंत आल्या.

या संगीताच्या नावाने सारेच निर्मळ आहे, असे आम्ही म्हणणार नाही. ६ जून १९९२ रोजी नॉर्वेतील फान्टॉफ्टचे पुरातन लाकडी चर्च जाळले गेले, आणि पाठोपाठ इतरही. त्यामागे या संगीताच्या एका शाखेतील तरुण होते. ऑझीने दारू आणि अमली पदार्थांत आयुष्याची बरीच वर्षे घालविली. पालकांची भीती निराधार नव्हती. आमचा गुन्हा एवढाच की सतरा वर्षांच्या मुलाच्या पिशवीत नॉर्वे होते की बर्मिंगहॅम, हे आम्ही पाहिले नाही.

५ जुलै २०२५ रोजी ऑझीने ॲस्टनमध्येच, व्हिला पार्क मैदानावर, आसनावर बसून निरोपाचे गायन केले आणि २२ जुलै रोजी तो वारला. त्या आठवड्यातील रविवारी तो मुलगा, आता चाळिशी ओलांडलेला, शिरोलीत कामाला असलेला, मिस्सेनंतर आमच्यासमोर उभा राहिला. ऑझीच्या आत्म्यासाठी एक मिस्सा मागत होता. आम्ही होकार दिला आणि त्या जुन्या निर्णयाबद्दल त्याची क्षमा मागितली. तो संकोचला. गायकवृंदात परत येतोस का, असे विचारले, तर बराच वेळ खाली पाहत राहिला.

"गिटार हाय अजून, फादर," तो म्हणाला. "तारा तेवढ्या गंजल्यात."